फ्रिजचं टेम्परेचर सेन्सरने नीट कसं मोजायचं: नॉबला हात लावायच्या आधी वाचा

बरेच जण ईएसपी बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारा वायफायवाला छोटा बोर्ड) आणि सेन्सर मागवतात, सेन्सर फ्रिजमध्ये सोडतात, मोबाईलवर ९ डिग्री दिसलं की घाबरून नॉब फुल करतात, आणि दोन दिवसांत कोथिंबीर गोठून काळी आणि दुधाच्या पिशवीत बर्फाचे खडे. यात सेन्सरही चुकलेला नसतो आणि फ्रिजही बिघडलेला नसतो, मोजलेली असते ती दार उघडल्यावर आत घुसलेली हवा. आपल्याला पाहिजे असतं आतल्या दुधाचं, आमटीचं, मटणाचं टेम्परेचर, आणि तेही एका क्षणाचं नाही तर अख्ख्या दिवसाचं.

म्हणून इथे क्रम महत्त्वाचा. आधी सेन्सर बर्फात तपासायचा, मग बाटलीत बसवायचा, मग जागा ठरवायची, मग दिवसभर गुपचूप नोंद होऊ द्यायची, आणि नॉब सगळ्यात शेवटी. मधली एखादी पायरी गाळली की पुढचे आकडे वाया.

१. सामान: काय घ्यायचं, काय नाही

बोर्ड म्हणून नोडएमसीयू (ईएसपी८२६६वाला) किंवा ईएसपी३२, कुठलाही चालेल. सेन्सर डीएस१८बी२०, तोही स्टीलच्या टोपीत सील केलेला, एक मीटर वायरवाला वॉटरप्रूफ प्रोब, आणि शक्यतो दोन घ्या, का ते पुढे येईल. सोबत ४.७ किलो-ओहमचा एक रेझिस्टर, जंपर वायर, झाकणवाली छोटी बाटली.

डीएचटी११ घेऊ नका. दुकानदार तोच पुढे करतो कारण स्वस्त असतो, पण तो शून्याच्या खाली मोजतच नाही आणि त्याची चूक दोन डिग्रीपर्यंत जाते. फ्रिजमध्ये ३ आणि ७ यातलाच फरक तर शोधायचाय, तिथे दोन डिग्रीची चूक घेऊन काय करणार. डीएस१८बी२० उणे १० ते ८५ या पट्ट्यात अर्ध्या डिग्रीच्या आत राहतो, म्हणजे ओरिजिनल असेल तर. नकली चिप बाजारात भरपूर आहेत आणि बाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणून तिसरी पायरी कुणीही टाळायची नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सेन्सर असलेला आख्खा बोर्डच बॅटरीसकट फ्रिजमध्ये ठेवणं. बोर्ड स्वतः गरम होतो त्यामुळे शेजारचा सेन्सर काही डिग्री जास्त दाखवतो, फ्रिजच्या पत्र्यातून वायफाय नीट बाहेर येत नाही, आणि दार उघडलं की दमट हवा बोर्डावर पाणी होऊन बसते. बोर्ड बाहेर, फक्त प्रोब आत. यावर वाद नको.

२. जोडणी आणि प्रोग्रॅम

प्रोबच्या तीन वायर असतात, बहुतेक वेळा लाल म्हणजे ३.३ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, पिवळी म्हणजे डेटा. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण वेगळे रंगही येतात, तेव्हा विकणाऱ्याने दिलेला तक्ता बघून मगच जोडा. रेझिस्टर लाल आणि पिवळीच्या मध्ये. तो लावायचा राहिला तर सेन्सर एकतर सापडतच नाही किंवा मधूनमधून गायब होतो आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

नोडएमसीयूवर डेटा डी२ किंवा डी५ पिनवर द्या. डी३, डी४, डी८ नको, त्या पिना बोर्ड चालू होताना वापरल्या जातात आणि मग कधी बूट होतो कधी नाही असा खेळ चालू होतो. ईएसपी३२वर ३४ ते ३९ नंबरच्या पिना फक्त इनपुट आहेत, तिथे हा सेन्सर चालणारच नाही कारण त्याच एका वायरवरून बोर्डला सेन्सरशी बोलावंही लागतं.

सावधान: वायर उलटी जोडली गेली तर प्रोब काही सेकंदात हाताला चटका बसेल इतका तापतो. पॉवर दिल्यावर लगेच टोपीला बोट लावून बघा. गरम लागली तर आधी यूएसबी काढा.

प्रोग्रॅम आर्डुइनोच्या वनवायर आणि डलासटेम्परेचर लायब्ररीने (म्हणजे तयार कोडने) करा, किंवा घरी होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एका जागी चालवणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर त्याच्यासोबतच्या ईएसपीहोमने, तिथे पाच-दहा ओळींत काम होतं. काहीही वापरा, खालच्या गोष्टी त्यात हव्यातच.

दर मिनिटाला एक रीडिंग पुरे. दर सेकंदाला घेऊन काही जास्त कळत नाही, नुसता डेटाचा ढीग होतो. १२ बिट रिझोल्युशनला, म्हणजे सगळ्यात बारीक मोजणीला, सेन्सर एका मोजणीला पाऊण सेकंद घेतो, तेवढं थांबूनच आकडा वाचायचा.

८५ आणि उणे १२७ हे दोन आकडे खरे नसतात. ८५ म्हणजे सेन्सरला पॉवर मिळाली पण त्याने अजून मोजलंच नाही, आणि उणे १२७ म्हणजे लायब्ररीला सेन्सर सापडला नाही. हे आकडे सरासरीत गेले की दिवसाचा हिशोब बोंबलला. त्यांच्या जागी रिकामी नोंद ठेवा, पण नोंद ठेवा जरूर, कारण अशा रिकाम्या नोंदी वाढल्या म्हणजे वायर कुठेतरी सैल आहे.

दोन प्रोब एकाच डेटा वायरवर चालतात कारण प्रत्येकाला कारखान्यातूनच ६४ बिटचा स्वतःचा पत्ता मिळालेला असतो. प्रोग्रॅममध्ये "पहिला सेन्सर, दुसरा सेन्सर" असं वाचू नका, पत्त्याने वाचा. नंबरने वाचलं आणि एक प्रोब सुटला की दुसरा त्याच्या जागी सरकतो, आणि फ्रीझरचा आकडा फ्रिजच्या नावाने यायला लागतो. एकेक प्रोब जोडून त्याचा पत्ता लिहून घ्या आणि वायरला पट्टी चिकटवा.

वेळेचं पण बघा. बोर्ड इंटरनेटवरून घड्याळ लावून घेतो ते जागतिक वेळेचं असतं, आपल्याकडे साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद पुढे द्यावे लागतात. हे राहिलं की पहाटे साडेतीनला कोण फ्रिज उघडत होतं यावर घरात चर्चा सुरू होते, आणि प्रत्यक्षात ती सकाळी नऊची डब्याची गडबड असते.

तपासणी: दोन्ही प्रोब ओट्यावर शेजारी ठेवून अर्धा तास चालू द्या. आकडे सलग येतायत का, वेळ बरोबर आहे का, एक प्रोब मुठीत धरला तर त्याचाच आकडा वाढतो का. एवढं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

३. बर्फाची परीक्षा

ही पायरी लोक हमखास सोडतात, आणि करतात ते पण ग्लासभर पाण्यात दोन खडे टाकून. त्याने होत नाही. पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं त्यामुळे वर बर्फ तरंगत असला तरी तळाचं पाणी ३-४ डिग्रीवर बसून राहू शकतं, आणि तुम्ही समजता सेन्सर खराब.

नीट पद्धत अशी: आरओच्या पाण्याचा बर्फ करून घ्या, फडक्यात गुंडाळून लाटण्याने बारीक फोडा, थर्मास किंवा जाड मग त्या बर्फाने काठोकाठ भरा आणि मग फटी भरतील एवढंच थंड पाणी ओता. बर्फ तळापर्यंत पाहिजे. फ्रीझरमधून काढल्या काढल्या बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, तो ओलसर चमकायला लागेपर्यंत चारपाच मिनिटं थांबा. मीठ बिलकुल नको, मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं, घरी आईस्क्रीम फिरवणाऱ्यांना हे माहिती आहे.

प्रोब मध्यभागी, स्टीलची टोपी पूर्ण बुडेल आणि थोडी वायरही आत जाईल असा, तळाला किंवा भिंतीला न टेकता. अधूनमधून ढवळायचं. दहा मिनिटांनी आकडा स्थिर झाला की तो लिहा. ०.४ दाखवत असेल तर त्या प्रोबमधून कायम ०.४ वजा करायचे, उणे ०.३ दाखवत असेल तर ०.३ मिळवायचे, आणि हे प्रोग्रॅममध्ये त्या त्या पत्त्याच्या नावाने टाकायचं. फरक एक डिग्रीपेक्षा जास्त निघाला तर तो प्रोब परत करा, आकडेमोड करून त्याला सुधारत बसू नका, असा प्रोब बऱ्याचदा पुढे अजून सरकतो.

उकळत्या पाण्यात तपासायचा मोह आवरा. पाणी १०० डिग्रीला उकळतं ते समुद्रसपाटीला, मुंबईत. पुण्याच्या उंचीवर ते साधारण ९८ डिग्रीलाच उकळतं आणि महाबळेश्वरला त्याहून खाली, आणि तसंही आपल्याला काम शून्य ते दहाच्या पट्ट्यात आहे, तिकडे जायचं कारणच नाही.

४. प्रोब बाटलीत

फ्रिजमधली हवा सतत वरखाली होते. कॉम्प्रेसर चालू झाला की खाली, बंद झाला की वर, दार उघडलं की एकदम वर. त्या हवेत टांगलेला प्रोब दिवसभर ० ते १० नाचेल आणि दही मात्र निवांत ४ वर असेल. म्हणून एक प्रोब पाण्याच्या बाटलीत ठेवायचा, म्हणजे तो खाण्याच्या पदार्थासारखा हळूहळू बदलेल.

साधारण १०० मिलीची प्लास्टिकची बाटली घ्या, झाकणाला वायरीपुरतं भोक पाडा, पाणी भरा, प्रोब मध्यभागी लोंबेल असा सोडा आणि भोक ग्लू गनने बंद करा. प्रोब बाटलीच्या भिंतीला टेकलेला नको. मोठी लिटरची बाटली घेऊ नका, ती इतकी सुस्त असते की दूध नासायच्या बेताला आलं तरी तिचा आकडा छान दिसेल.

दुसरा प्रोब हवेत, बाटलीच्या शेजारी मोकळा. हवेचा आकडा फ्रिज काय करतोय ते सांगतो आणि बाटलीचा आकडा जेवणाचं काय होतंय ते. निर्णय फक्त बाटलीवरून घ्यायचा.

फ्रीझरसाठी पाण्याची बाटली नको, गोठून फुगते, काचेची असेल तर फुटते. तिथे छोट्या डबीत कोरडे तांदूळ किंवा वाळू भरून प्रोब त्यात खुपसा, किंवा दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये सरळ दाबून ठेवा.

५. जागा आणि वायर

मधला कप्पा, मधोमध, मागच्या भिंतीपासून चार बोटं लांब. फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रिजमध्ये हवा येते त्या जाळीसमोर ठेवू नका, सिंगल-डोअरमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खालच्या ट्रेमध्ये ठेवू नका, या दोन्ही जागा सगळ्यात थंड. दारातले रॅक सगळ्यात गरम. आणि गंमत म्हणजे दूध आपण तिथेच ठेवतो. म्हणून एक दिवस मधल्या कप्प्यात मोजून झालं की बाटली एक दिवस दारात ठेवून मोजाच, बहुतेक घरांत खरा प्रश्न तिथेच निघतो आणि उपाय म्हणजे दूध आत सरकवणं, बस.

वायर दाराच्या बिजागरीच्या बाजूने आत घ्या, हँडलच्या बाजूने नाही, बिजागरीकडे हालचाल कमी त्यामुळे रबर आणि वायर दोन्ही कमी घासतात. प्रोबची गोल वायर जाड वाटली तर रबराखालून जाणारा तेवढा तुकडा पातळ चपट्या वायरचा जोडा.

सावधान: वायरसाठी फ्रिजच्या भिंतीला भोक पाडायचा विचारही करू नका. भिंतीच्या आत गॅसच्या नळ्या असतात, आणि आजकालच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा गॅस आहे.

तपासणी: रात्री स्वयंपाकघरातला लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्च चालू करून फ्रिजमध्ये ठेवा, दार लावा आणि वायरीच्या आसपास बघा. उजेडाची रेघ दिसली तर तिथून हवा जातेय, म्हणजे मोजायच्या नादात आपणच फ्रिज बिघडवतोय. वायर थोडी सरकवून परत बघा.

कोकणात आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच, थंड वायरला बाहेरच्या बाजूने घाम येतो आणि ते थेंब वायरीवरून ओघळत बोर्डापर्यंत जातात. बाहेर आल्यावर वायरीचा एक झोळ बोर्डाच्या पातळीच्या खाली सोडा, थेंब तिथूनच खाली पडतील.

६. दिवसभर नोंद, आणि हात न लावणं

आता अवघड भाग, म्हणजे काहीच न करणं. बाटली ठेवल्यावर पहिले तीनचार तासांचे आकडे धरायचे नाहीत, पाणी गार व्हायला तेवढं लागतं. त्यानंतर कमीत कमी २४ तास, जमलं तर दोन दिवस, एक कामाचा आणि एक सुट्टीचा. घरच्यांना सांगू नका की मोजतोय, नाहीतर सगळे दोन दिवस शहाण्यासारखे दार लावतात आणि मोजलेला फ्रिज तुमचा रोजचा राहत नाही.

एका कागदावर फक्त मोठ्या गोष्टी लिहा: कोमट दुधाचं पातेलं आत गेलं, बाजारातून भाजी भरली, लाईट गेली. नंतर ग्राफमधला उंचवटा बघून आठवत बसावं लागत नाही.

लाईटवरून आठवलं. लाईट जाते तेव्हा राऊटरही जातो आणि बोर्डही, म्हणजे ज्या दोन तासांचा डेटा सगळ्यात मोलाचा तोच गायब. त्यामुळे रीडिंग नुसतं इंटरनेटवर पाठवू नका, बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीतही लिहा आणि बोर्ड पॉवर बँकेवर चालवा. यात पण एक मेख आहे, करंट फार कमी ओढला तर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात, आणि बॅटरी वाचवायला तुम्ही बोर्ड डीप स्लीपमध्ये (दोन रीडिंगच्या मध्ये बोर्ड झोपवणं) टाकलात की नेमकं तेच होतं. एक तर बोर्ड जागा ठेवा किंवा बाकीचं घर इन्व्हर्टरवर असेल तर तिथून घ्या. बोर्ड मधेच रीस्टार्ट झाला आणि इंटरनेट नसेल तर त्याला वेळ कळत नाही, त्यासाठी डीएस३२३१ हे बटन सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल जोडता येतं.

७. ग्राफ वाचायचा कसा

बाटलीच्या नोंदीतून तीन गोष्टी काढा: सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त, आणि ५ डिग्रीच्या वर एकूण किती मिनिटं. सरासरी बघू नका असं नाही, पण एकट्या सरासरीवर जाऊ नका, रात्री १ आणि दुपारी ८ असलं तरी सरासरी सुंदरच येते.

बाटली २ ते ४ मध्ये फिरत असेल आणि क्वचित ५ ला टेकत असेल तर तुमचा फ्रिज ठणठणीत आहे, पुढची पायरी करूच नका. शिजवलेलं अन्न, दूध, मांस यांसाठी ५ किंवा त्याखाली हीच धरायची रेघ. बाटलीचा आकडा शून्यावर येऊन तासन्‌तास तिथेच अडकला तर पाणी गोठतंय, नॉब कमी करायचाय.

हवेचा ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसला पाहिजे, वर-खाली, वर-खाली, साधारण सारख्या अंतराने. दात नाहीसे होऊन रेघ सरळ झाली आणि तीही ७-८ वर, तर कॉम्प्रेसर थांबतच नाहीये: रबर सैल झालंय, मागची जाळी धुळीने भरलीय, सिंगल-डोअरमध्ये बर्फाचा जाड थर साठलाय, किंवा फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलाय, हे आधी बघा आणि मग मेकॅनिकला बोलवा. फ्रॉस्ट-फ्रीच्या फ्रीझरमध्ये मधूनच एक उंच बारीक सुळका दिसेल. तो डीफ्रॉस्टचा हीटर, बिघाड नाही. तांदळाच्या डबीत तो जेमतेम दिसला पाहिजे, डबीतही मोठा दिसला तर मात्र काळजीचं.

फ्रीझरकडून उणे १८ ची अपेक्षा डबल-डोअरमध्येच ठेवा. सिंगल-डोअरमधल्या बर्फाच्या कप्प्याला ते बहुतेक जमत नाही. आणि दारावरचे वीजबचतीचे स्टार बघून फ्रीझर किती थंड हे ठरवू नका, ते स्टार विजेचे. फ्रीझरचे चांदणीवाले मार्क वेगळे असतात, एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८.

विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी उन्हाळ्यात अजून एक बघा. फ्रिजच्या आतल्या लेबलवर क्लायमेट क्लास असतो. एन असेल तर तो बाहेरच्या ३२ डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. मे महिन्यात पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात ४४ झालं तर चांगला फ्रिजही मागे पडणारच, तेव्हा आधी फ्रिजची जागा बदला.

८. आता नॉब

नॉबवरचे १ ते ७ म्हणजे डिग्री नाहीत. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, पण खात्री करायला मॅन्युअल बघा. एका वेळी एकच घर फिरवा आणि परत २४ तास थांबा. दोन तासांत फरक दिसला नाही म्हणून अजून एक घर, मग अजून एक, आणि तिसऱ्या दिवशी अंडी फुटलेली, हे फार घरांत होतं. दोन नॉब असलेल्या फ्रिजमध्ये दोन्ही एकदम फिरवू नका. काही मॉडेलमध्ये फ्रीझर जास्त थंड केला की खाली येणारी हवा कमी होते आणि खालचा भाग उलट गरम होतो.

९. अलार्म

अलार्म बाटलीवर लावा, हवेवर नाही, नाहीतर प्रत्येक वेळी पाणी प्यायला दार उघडलं की फोन वाजेल आणि आठवड्यात तुम्ही तो म्यूट कराल. बाटली ७ च्या वर सलग अर्धा तास, असा नियम बरा चालतो. सेन्सरकडून पंधरा मिनिटं काहीच आलं नाही तर त्याचाही मेसेज हवा, बंद पडलेला सेन्सर कधीच तक्रार करत नाही.

लाईट गेल्यावर दार बंद ठेवलं तर फ्रिजमधलं अन्न साधारण चार तास टिकतं. त्यापुढे बाटलीचा आकडा बघून ठरवा, ५ च्या वर दोन तासांहून जास्त गेले असतील तर मटण, मासे, दूध आणि शिजवलेलं टाकून द्या.

घरात इन्सुलिन असेल तर खालचा अलार्म जास्त महत्त्वाचा. ते २ ते ८ मध्ये राहिलं पाहिजे आणि एकदा गोठलं की वापरायचं नाही, मग ते वितळून दिसायला कितीही ठीक असो. बाटलीसाठी २.५ च्या खाली मेसेज लावा आणि इन्सुलिनचा डबा बाटलीच्या अगदी शेजारी, मागच्या भिंतीपासून लांब ठेवा. हा घरी बनवलेला सेन्सर आहे, शंका आली तर इन्सुलिनबद्दल डॉक्टर किंवा केमिस्टला विचारा, ग्राफ बघून स्वतः ठरवू नका.

शेवटची तपासणी: बाटली फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवा आणि मेसेज येतो का बघा. मग राऊटर बंद करून बघा, मग बोर्डाची वायर काढून बघा. तिन्ही वेळा काय झालं ते त्याच कागदावर लिहा, आणि पावसाळा संपला की दोन्ही प्रोब परत एकदा बर्फात.